जर्मनीत आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत गाडी भाड्याने घेताना

मी सप्टेंबरच्या शेवटी मास्टर्ससाठी म्युनिकला आले तेव्हा २३ वर्षांची होते. ऑक्टोबरच्या मध्यात आम्ही चौघांनी, मी सांगलीची, एक नाशिकचा आणि दोघं पुण्याचे, आल्प्सकडे चार दिवस गाडीने जायचं ठरवलं. ठरल्या दिवशी सकाळी साडेआठला काउंटरवर पोचलो आणि साडेनऊला बॅगा घेऊन परत होस्टेलवर आलो. बुकिंग नाशिकच्या मित्राच्या नावाने होतं आणि क्रेडिट कार्ड माझं होतं. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. मग बुकिंग माझ्या नावावर करा म्हटलं, तर त्या दिवसाचं भाडं जवळपास दुप्पट झालं होतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बुकिंग केलं, कागद नीट लावले आणि ट्रिप झाली. त्या दोन आठवड्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. गाडी चालवणं आपल्याला येतंच. अडतं ते कागद, कार्ड आणि विम्यापाशी, आणि २५ वर्षांखालच्यांचं जास्त अडतं.

१. सहा महिन्यांचा हिशेब सगळ्यात आधी करा

भारतीय लायसन्स जर्मनीत चालतं, पण इथे राहायला आलेल्याला ते फक्त सहा महिने चालतं. नंतर जर्मन लायसन्स काढावं लागतं. पर्यटक म्हणून आलेल्या आईबाबांना ही मुदत लागू नाही. तुम्हाला आहे, कारण तुम्ही इथे घर घेऊन पत्ता नोंदवला, म्हणजे आन्मेल्डुंग केलं. सुरक्षित राहायचं तर विमानातून उतरल्याच्या तारखेपासून मोजा.

मुदत संपल्यावर गाडी चालवली तर कायद्याच्या दृष्टीने ते विनालायसन्स चालवणं ठरतं. तो फौजदारी गुन्हा आहे, पावती फाडून सुटण्यातली गोष्ट नाही. वर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. "कोणी विचारत नाही" असं सांगणारे सीनिअर प्रत्येक होस्टेलमध्ये भेटतील. काउंटरवरचा माणूस खरंच विचारेलच असं नाही, तो लायसन्स बघेल आणि किल्ली देईल. पण किल्ली मिळाली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. मुदतीची जबाबदारी तुमची आहे.

आता ह्याचा कॅलेंडरवर काय परिणाम होतो बघा. बहुतेक मुलं विंटर सेमिस्टरला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. त्यांचे सहा महिने मार्चअखेर-एप्रिलमध्ये संपतात. म्हणजे ज्या उन्हाळ्याची स्वप्नं बघत आपण "जूनमध्ये गाडी काढू" म्हणतो, तो उजाडेपर्यंत लायसन्स बाद झालेलं असतं. तुमच्यापुढे दोनच चांगल्या खिडक्या उरतात: आल्या आल्या ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, किंवा बर्फ ओसरताना मार्चचा शेवट. ऑक्टोबर निवडा. डोंगर तांबूस-पिवळे झालेले असतात, गर्दी कमी असते आणि उंचावरचे रस्ते बहुतेक उघडे असतात. एप्रिलच्या सेमिस्टरला आलेल्यांचा मात्र पूर्ण उन्हाळा मोकळा आहे.

एक सवलत आहे. तुमचा मुक्कामच बारा महिन्यांपेक्षा कमी असेल, उदाहरणार्थ एक्स्चेंज सेमिस्टर, तर लायसन्स कार्यालयात अर्ज करून ही मुदत वाढवून मिळू शकते. अर्ज मुदत संपायच्या आत करा. बाकीच्यांना लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. भारतीय लायसन्स असल्यामुळे ठरावीक तासांच्या शिकवणीची सक्ती नसते आणि लेखी परीक्षा इंग्रजीतही देता येते.

२. भारतातून निघण्यापूर्वी आरटीओत जाऊन या

जर्मनीत आपलं लायसन्स एकटं पुरत नाही. त्याच्यासोबत जर्मन भाषांतर तरी लागतं किंवा इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. परमिट आपल्याच आरटीओतून मिळतं. परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, मूळ फी १,००० रुपये, आणि ते एका वर्षापर्यंत चालतं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, लायसन्स ह्यांच्या प्रती आणि पासपोर्ट साइझ फोटो जवळ ठेवून जा. व्हिसा हातात आल्यापासून उड्डाणापर्यंत फार दिवस नसतात आणि तेवढ्यात खरेदी, बँक, नातेवाइकांच्या भेटी असं सगळं असतं, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. राहून गेलंच तर इथे अधिकृत भाषांतरकाराकडून लायसन्सचं भाषांतर करून घेता येतं.

इथे तीन गोष्टींत मुलं अडकतात.

पहिली: परमिट हे लायसन्सच्या *जोडीला* असतं, त्याच्या *जागी* नाही. दोन्ही मूळ स्वरूपात लागतात. पुण्यात सिग्नलवर मामांना डिजिलॉकर दाखवून भागतं. इथे फोनमधलं लायसन्स चालत नाही, कार्डच लागतं. तुमचं कार्ड अजून पोस्टाने आलं नसेल तर निघण्यापूर्वी पाठपुरावा करा.

दुसरी: भाड्याने गाडी देणारे बहुतेक सगळे लायसन्स निदान एक वर्ष जुनं मागतात. कार्डाचं नूतनीकरण केलं असेल किंवा डुप्लिकेट घेतलं असेल तर त्यावर नवी तारीख दिसते, आणि परमिटवर तर गेल्या महिन्याचीच असते. काउंटरवरची व्यक्ती चुकीच्या तारखेवर बोट ठेवू शकते. पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख कार्डावर कुठे छापली आहे ते आधीच शोधून ठेवा आणि तिथेच दाखवा.

तिसरी आपल्याकडची खास आहे: नाव. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर पहिली दोन नावं एकत्र असतात, लायसन्सवर तिन्ही ओळीने असतात आणि क्रेडिट कार्डावर बँकेने आद्याक्षरं करून टाकलेली असतात. बुकिंग करताना पासपोर्टवर आहे तसंच नाव भरा आणि कार्डावर निदान पहिलं नाव आणि आडनाव पूर्ण छापलेलं हवं. कार्डावर नुसती आद्याक्षरं असतील तर बँकेकडून नवं कार्ड मागवून घ्या.

३. क्रेडिट कार्ड, तेही स्वतःच्या नावाचं

भाड्याचे पैसे बहुधा इतर प्रकारेही भरता येतात. अडचण डिपॉझिटची असते, ज्याला इथे काउत्सिओन म्हणतात. गाडी देताना कंपनी तुमच्या कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवते. पैसे कापले जात नाहीत, पण तेवढी मर्यादा तुम्हाला वापरता येत नाही. गाडी आणि विम्याच्या प्रकारानुसार ही रक्कम काहीशे युरोंपासून हजाराच्या पुढेही जाते. भारतातून आणलेलं फॉरेक्स कार्ड प्रीपेड असतं, त्यावर अशी रक्कम अडकवता येत नाही, त्यामुळे ते सहसा नाकारतात. डेबिट कार्डाचंही बहुतेक ठिकाणी तेच. काही शाखा लहान गाडीसाठी जर्मन बँकेचं कार्ड घेतात, पण बुकिंगच्या अटींमध्ये तसं लिहिलेलं वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

भारतीय क्रेडिट कार्ड असेल तर निघण्यापूर्वी इतकं करा. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतात, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशातला वापर चालू करा आणि त्याची मर्यादाही वाढवा. कार्डाचा पिन पाठ करा. आपल्याकडे क्रेडिट कार्ड ऑनलाइनच जास्त वापरतात आणि पिन कुणाच्या लक्षात नसतो. काउंटरवर मशिनमध्ये कार्ड घातलं की पिनच विचारतात, ओटीपी नाही. ऑनलाइन बुकिंगला मात्र ओटीपी लागतो, तेव्हा भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा.

बाबांचं कार्ड घेऊन यायचा विचार असेल तर सोडून द्या. काउंटरवर ते चालणार नाही. भारतात नोकरी केली नसेल आणि स्वतःचं कार्ड नसेल, तर मुदत ठेवीच्या तारणावर बँका क्रेडिट कार्ड देतात. तो सगळ्यात सोपा मार्ग आहे.

४. बुकिंग: दिसणारं भाडं आणि खरं भाडं

वेबसाइटवर तारखा टाकताना ड्रायव्हरचं वय विचारतात. तिथे आधीच "३० ते ६५" असं काहीतरी निवडलेलं असतं. ते बदलून खरं वय टाका, नाहीतर दिसणारा आकडा तुमच्यासाठी नसतो.

२५ वर्षांखालच्यांना दर दिवसाला वेगळा अधिभार लागतो. लहान गाड्या बऱ्याच ठिकाणी १८ ते २१ व्या वर्षापासून मिळतात, पण मोठ्या, सात आसनी आणि महागड्या गाड्यांसाठी वयाची अट वर जाते. दुसरा ड्रायव्हर जोडला की त्याचे पैसे, आणि तोही पंचविशीच्या आत असेल तर त्याचाही अधिभार. हिशेब कसा फुगतो ते बघा. समजा चार दिवसांसाठी दिवसाला ४० युरो दिसताहेत, म्हणजे १६०. तुमचा अधिभार दिवसाला १२ धरला तर ४८. दुसऱ्या ड्रायव्हरचे दिवसाला १० म्हणजे ४० आणि त्याचा अधिभार आणखी ४८. विम्याची जोखीम कमी करायला दिवसाला १५ म्हणजे ६०. झाले ३५६, आणि ह्यात पेट्रोल, पार्किंग काहीच नाही.

म्हणून चौघांनी आळीपाळीने चालवायचा बेत सोडा. दोघांचीच नावं लावा, चार दिवसांना तेवढी पुरतात. करारात नाव नसलेल्याच्या हातात गाडी अजिबात देऊ नका, मोकळ्या पार्किंगमध्ये सरकवण्यापुरतीसुद्धा नाही. त्या वेळी काही घडलं तर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा विमा नाकारला जाऊ शकतो आणि तो खर्च करार करणाऱ्याच्या अंगावर येतो.

आणखी काही बारीक गोष्टी. मॅन्युअल गाडी ऑटोमॅटिकपेक्षा स्वस्त मिळते, पण पहिल्यांदाच रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणार असाल तर ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे द्या. ह्यावर माझं मत ठाम आहे, कारण पुढे सांगते. विमानतळ आणि मोठ्या स्टेशनवरच्या शाखा महाग असतात. गावातल्या शाखा स्वस्त, पण शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. "टाकी फुल घ्या, फुल करून द्या" हीच पेट्रोलची अट निवडा. आणि किलोमीटरची मर्यादा बघा.

५. विमा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

गाडीसोबत दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा असतोच, तो कायद्याने सक्तीचा आहे. प्रश्न असतो भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा. त्यासाठी फोलकास्को नावाचा विमा बहुतेक भाड्यात धरलेला असतो, पण त्यात एक शब्द दडलेला असतो: झेल्ब्स्टबेटायलिगुंग. म्हणजे नुकसानीतला पहिला अमुक इतका वाटा तुमच्या खिशातून. करारात हा आकडा १,००० युरो असेल आणि बंपरच्या दुरुस्तीला ७०० लागले, तर सगळे ७०० तुमचे. विमा आहे म्हणून निश्चिंत असलेल्या मुलांना हे गाडी परत करताना कळतं.

हा वाटा कमी करायचे दोन मार्ग आहेत. एक, कंपनीकडूनच जास्त पैसे देऊन तो शून्यावर किंवा कमी रकमेवर आणायचा. महाग पडतं, पण डिपॉझिटही सहसा कमी होतं आणि काही झालं तर तिथल्या तिथे मिटतं. दोन, बाहेरून वेगळी पॉलिसी घ्यायची. ही स्वस्त असते. पण नुकसान झालं तर आधी पैसे *तुम्ही* भरायचे आणि मग कागद पाठवून परत मागायचे, आणि काउंटरवर डिपॉझिट पूर्ण अडकतंच. बुकिंगच्या मध्यस्थ वेबसाइटवर "पूर्ण संरक्षण" म्हणून जे विकतात ते बहुधा हेच दुसरं असतं. काउंटरवर मग तुम्हाला सांगतात की तुमच्याकडे आमचा विमा नाही. ते खरं असतं, आणि तुमच्याकडे परतफेडीची पॉलिसी आहे हेही खरं असतं. हा फरक डोक्यात स्पष्ट असला की तिथे गोंधळ उडत नाही आणि एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जात नाहीत.

कुठलीही पॉलिसी घ्या, पण टायर, रिम, काच, छत आणि गाडीचा खालचा भाग त्यात आहे का ते शोधा. नवख्या ड्रायव्हरचं नुकसान नेमकं तिथेच होतं. आल्प्सच्या पायथ्याच्या गार्मिश गावाजवळ एका पार्किंगमध्ये शिरताना मी उजवीकडचं पुढचं चाक फुटपाथच्या कडेला घासलं. दगडाची कड उंच होती, रिमवर बोटभर लांब पांढरा ओरखडा उठला. माझ्या पॉलिसीत रिम नव्हतं. महिन्याच्या किराण्याएवढे पैसे गेले. पॉलिसीच्या पानावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं, मी तिथपर्यंत वाचलं नव्हतं.

६. सीमा ओलांडणार असाल तर

म्युनिकहून निघालं की ऑस्ट्रिया तासा-दीड तासावर आहे, त्यामुळे मोह होतोच. आधी करारात कुठल्या देशात गाडी नेता येते ते बघा. ऑस्ट्रिया सहसा चालतं. इटली, चेकिया आणि पुढच्या देशांसाठी गाडीच्या मॉडेलप्रमाणे बंधनं असतात.

जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियात हायवेला व्हिन्येट (ठरावीक दिवसांचा टोलपास) लागतं, एक दिवसाचं, दहा दिवसांचं असं मिळतं. काचेवर चिकटवायचं घेतलं तर सीमेआधीच्या पेट्रोल पंपावर मिळतं. डिजिटल घेतलं तर ते गाडीच्या नंबरशी जोडलेलं असतं. म्हणजे गाडी हातात येऊन नंबर कळेपर्यंत घेता येत नाही, आणि मध्येच गाडी बदलून मिळाली तर जुनं उपयोगाचं नाही. ते आस्फिनाग ह्या सरकारी कंपनीच्या साइटवरूनच घ्या, शोधल्यावर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट जास्तीचे पैसे लावणाऱ्या दलालांच्या असतात. नुसतं साल्झबुर्गला जायचं असेल तर १५ डिसेंबर २०१९ पासून सीमेवरच्या वाल्सरबेर्गपासून साल्झबुर्ग नॉर्डपर्यंतच्या पट्ट्याला व्हिन्येट लागत नाही. कुफश्टाइनकडून शिरताना कुफश्टाइन स्यूडपर्यंतही तसंच.

ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर डोंगराचा घाटरस्ता ह्यात येत नाही, त्याचं तिकीट वेगळं आणि ते चाळीस युरोंच्या वर आहे. १९३५ मध्ये खुला झालेला हा ४८ किलोमीटरचा घाट आहे, ३६ मोठी वळणं, आणि त्याचा एदेलवाइसश्पिट्सेवरचा माथा २,५७१ मीटरवर. हिवाळ्यात तो बंद असतो, साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडा. आम्ही गेलो त्या सकाळी बर्फामुळे बंद होता आणि आम्ही बेर्ख्तेसगाडेनला क्योनिग्झे तळ्याच्या काठावर दिवस घालवला. ऑक्टोबरमध्ये जाताना असा एक पर्यायी दिवस मनात ठेवा.

चौघांचेही पासपोर्ट आणि व्हिसा सोबत घ्या. ऑस्ट्रियाहून परत येताना जर्मन पोलीस तपासतात.

७. काउंटरवर जाताना पिशवीत काय हवं

- मूळ भारतीय लायसन्स, कार्ड स्वरूपात
- इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट किंवा अधिकृत भाषांतर
- पासपोर्ट आणि व्हिसा किंवा रेसिडन्स परमिट
- मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड, पिनसह
- पत्ता नोंदवल्याचा कागद, काही शाखा मागतात
- बुकिंगची आणि वेगळ्या विम्याची प्रत, शक्यतो छापलेली
- फोनचा होल्डर आणि चार्जिंगची केबल

दुसऱ्या ड्रायव्हरनेही स्वतःची मूळ कागदपत्रं घेऊन काउंटरवर हजर राहायचं असतं.

८. गाडी ताब्यात घेताना

किल्ली हातात आली की सगळे डिक्कीत बॅगा कोंबायला लागतात. थांबा. फोनवर व्हिडिओ चालू करून गाडीभोवती एक फेरी मारा. चारही रिम, आरशांच्या मागची बाजू, बंपरचे खालचे कोपरे, पुढची काच, आतमध्ये सीट, मीटरवरचे किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा. तळघरातल्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये टॉर्च लावा. जो ओरखडा करारातल्या चित्रात नाही तो परत जाऊन लिहून घ्या. पाच मिनिटं जातील.

त्रिकोणी फलक, प्रथमोपचार पेटी आणि भडक रंगाचं जाकीट गाडीत आहे ना बघा. ऑक्टोबरपासून टायरही बघा: बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तरच ते हिवाळी टायर. रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असेल तर जर्मनीत ते सक्तीचे आहेत, आणि डोंगरात ऑक्टोबरमध्येही बर्फ पडतो. टाकीच्या झाकणामागे पेट्रोल की डिझेल ते वाचा आणि फोटो काढून ठेवा.

९. पहिला तास

बाबा फोनवर म्हणाले होते, "पहिला अर्धा तास मागच्यांना गाणी लावू देऊ नकोस, बाळा." तो सल्ला मी तुम्हालाही देते.

स्टिअरिंग डावीकडे असतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला आणि वायपर डाव्या हाताला, इथे उलट. पार्किंगमधून बाहेर पडताना मी उजवीकडे वळायचा इंडिकेटर द्यायला गेले आणि कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरले. मागे गाडी होती, तिला मी कुठे वळते आहे काहीच कळलं नाही. पहिल्या दिवशी हे दहा वेळा होतं. मॅन्युअल गाडी असेल तर त्याच वेळी डावा हात गिअर शोधत दारावर आपटत असतो. एकाच चौकात गिअर, इंडिकेटर, ट्राम आणि सायकली सांभाळण्यापेक्षा ऑटोमॅटिक बरी, असं मी म्हटलं ते ह्यामुळे.

दुसरी सवय जास्त धोक्याची. आयुष्यभर आपण गाडीच्या उजव्या भागात बसून चालवलेलं असतं, त्यामुळे शरीराला वाटतं की गाडी आपल्या डावीकडे पसरलेली आहे. इथे ती उजवीकडे पसरलेली असते. परिणामी गाडी नकळत उजवीकडे, उभ्या गाड्यांच्या आरशांकडे आणि फुटपाथकडे सरकते. उपाय: स्वतःला लेनच्या डाव्या पट्ट्याच्या जवळ ठेवा, आणि पुढच्या सीटवरच्याला पहिला दिवस फक्त उजवीकडचं अंतर सांगायचं काम द्या. आमच्यात हे काम नाशिकच्या मित्राने मनापासून केलं. पार्किंगमध्ये तो आधीच उतरला होता आणि माझं रिम तेव्हाच घासलं.

चूक सगळ्यात जास्त होते ती मोकळ्या रस्त्यावर, सकाळी गाडी काढताना आणि पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. समोर दुसरी गाडी नसली की हात सवयीने डावीकडे जातो. अशा प्रत्येक वेळी चौघांनी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं असं आम्ही ठरवलं होतं आणि शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत होतो.

पहिला तास शहरात घालवू नका आणि थेट ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवरही जाऊ नका. रविवारी सकाळी गाडी मिळत असेल तर उत्तम, रस्ते रिकामे असतात. फक्त दुकानं बंद असतात, खाण्याचं शनिवारीच घ्या. आमच्याकडे घरून आलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी शिल्लक होती, टेगर्नझे तळ्याच्या काठी तीच खाल्ली.

१०. आपल्याला सवय नसलेले नियम

*उजवीकडच्याला आधी.* ज्या चौकात सिग्नल किंवा पाटी नाही, तिथे तुमच्या उजव्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात असं वाटलं तरीही. वस्त्यांमध्ये दर गल्लीला हे लागू होतं आणि तिथला माणूस तुम्ही थांबणार असं गृहीत धरून येतो. टोकावर उभी केलेली, पांढऱ्या कडेची पिवळी चौकोनी पाटी असेल तर हक्क तुमचा.

*गावाची पिवळी पाटी.* गावाचं नाव लिहिलेली पिवळी पाटी लागली की वेग ५०, वेगळा आकडा लिहिलेला असला तरच वेगळा. त्याच पाटीवर लाल तिरकी रेघ दिसली की गाव संपलं, आता १००. कॅमेरे बहुधा पहिल्या पाटीनंतर लगेच असतात.

*ऑटोबान.* वेगाची मर्यादा नसलेले पट्टे आहेत, पण शिफारस १३० ची आहे. तुम्ही १२० च्या आसपास राहा. डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी, काम झालं की उजवीकडे परत. उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे. लेन बदलण्यापूर्वी आरशात दोनदा बघा, कारण मागे ठिपक्याएवढी दिसणारी गाडी २०० च्या वेगाने येत असू शकते.

*रेटुंग्सगासं.* ऑटोबानवर वाहतूक मंदावली की, थांबायच्या *आधीच*, सगळ्यात डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवायची. सायरन ऐकू येण्याची वाट बघायची नाही. हे चुकलं तर २०० युरोंपासून दंड आणि गाडी चालवायला एक महिन्याची बंदी.

*सायकली.* उजवीकडे वळताना मान वळवून खांद्यावरून मागे बघा. सायकलवाला सरळ जात असेल तर हक्क त्याचा.

*निळी पार्किंग डिस्क.* फुकट पण मर्यादित वेळेच्या पार्किंगमध्ये पुठ्ठ्याचं घड्याळ काचेमागे ठेवायचं. पोचल्यानंतरच्या अर्ध्या तासावर काटा लावायचा, म्हणजे १०:१० ला आलात तर १०:३०.

*दारू.* २१ वर्षांखालच्यांना शून्य. इतरांना मर्यादा आहे, पण भाड्याच्या गाडीत तुम्हीही शून्यच धरा. फोन हातात धरला तर १०० युरो.

पेट्रोल पंपावर भरून देणारं कोणी नसतं. आधी स्वतः भरायचं, मग आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. ऑटोबानवरचे पंप महाग, बाहेर पडून गावातल्या पंपावर भरा.

११. काही झालं तर

ऑटोबानवर गाडी बंद पडली तर धोक्याचे दिवे लावा, जाकीट घालून उजव्या दाराने उतरा, सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या. त्रिकोण निदान दीडशे-दोनशे मीटर मागे, कठड्याच्या बाहेरून चालत जाऊन ठेवा. जखमी असेल तर ११२, पोलिसांसाठी ११०.

धक्का लहान असला तरी पोलिसांना बोलवा. बहुतेक करारांत ती अटच असते आणि पोलिसांची नोंद नसेल तर विमा नाकारला जाऊ शकतो. उभ्या गाडीला घासलं तर चिठ्ठी ठेवून निघून जाणं चालत नाही. तो गुन्हा धरला जातो. मालकाची वाट बघा किंवा पोलिसांना फोन करा. जागेवर "चूक माझी" असं लिहून सही देऊ नका. फोटो काढा, समोरच्या गाडीचा नंबर घ्या, भाडे कंपनीच्या हेल्पलाइनला कळवा.

१२. गाडी परत देताना आणि त्यानंतर

शाखेजवळच्या पंपावर टाकी भरा आणि पावती ठेवा. शाखा उघडी असताना गाडी द्या आणि माणसाने तपासून लिहून दिल्याशिवाय निघू नका. रात्री पेटीत किल्ली टाकून गेलात तर दुसऱ्या दिवशी कोणी बघेपर्यंत गाडी तुमच्याच जबाबदारीवर उभी असते. तसं करावंच लागलं तर पुन्हा एकदा सगळीकडून व्हिडिओ घ्या, आजूबाजूची जागा दिसेल असा.

डिपॉझिट सुटायला काही दिवसांपासून दोन-तीन आठवडे लागू शकतात, भारतीय कार्ड असेल तर जरा जास्तच. कॅमेऱ्यात सापडला असाल तर आधी भाडे कंपनीकडून पत्ता कळवल्याचं शुल्क कार्डातून कापलं जातं आणि मग खरा दंड पोस्टाने घरी येतो. ही दोन वेगळी बिलं आहेत, पहिलं कापलं म्हणजे दंड भरला असं होत नाही. दंडाचं पत्र जर्मनमध्ये असतं आणि त्यावर मुदत असते, म्हणून होस्टेलची पत्रपेटी रोज उघडा आणि खोली बदलली तर नवा पत्ता कळवा. व्हिडिओ, पावत्या आणि करार तीन-चार महिने फोनमध्ये राहू द्या. आमच्यापैकी एकाला साल्झबुर्गजवळच्या वेगाचं पत्र ट्रिपनंतर नऊ आठवड्यांनी आलं.